वाकळेंतील गोष्ट

गोदावरीकांठच्या गंगाखेडांत जन्मलेली आणि पंढरीस नामदेवांच्या घरीं दासी म्हणून राहिलेली जनाबाई हिची एक कथा महाराष्ट्रांत घरोघरीं सांगितली जाते. रात्रीं विठ्ठल जनीच्या झोपडींत आला, तिच्याबरोबर दळूं लागला, आणि थकला तसा तिची फाटकी वाकळ पांघरून निजला. पहांटे काकड आरतीची वेळ झाली. देव लगबगीनें उठला तो गळ्यांतील पदक आणि अंगावरचा शेला तेथेंच विसरला, आणि जनीची वाकळ पांघरूनच राउळांत जाऊन उभा राहिला. पुढें जनीवर चोरीचा आळ आला, तिला सुळापर्यंत नेण्यांत आलें, आणि अखेर सूळच विरून गेला. ही कथा ऐकणाऱ्या कित्येक मुलांच्या अंगावर त्या वेळीं आजीच्या हातची एक वाकळच असे. कथेंतील वस्त्र आणि अंगावरचें वस्त्र एकच आहे, हें मुलाला कोणी समजावून सांगावें लागत नसे.

घरांत गोष्ट आणि वस्त्र अशीं एकत्र नांदत होतीं. शाळेनें मात्र त्यांची ताटातूट केली. गोष्ट भाषेच्या तासाला गेली, शिवण हस्तव्यवसायाच्या तासाला गेलें, आणि आजी शाळेच्या दाराबाहेरच राहिली. या ताटातुटीनें मुलांचें काय हरवलें, आणि तें परत मिळवितां येईल काय, हा प्रश्न नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भांत विचार करण्याजोगा आहे. कारण कापसाशीं आणि कापडाशीं या प्रदेशाचा ऋणानुबंध जुना आहे, आणि शाळेंत पहिलें पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या भाषेचा प्रश्नही येथें इतरत्रांहून अधिक गुंतागुंतीचा आहे.

नांदेडची तलम मलमल आणि जरीकांठी वस्त्रें एके काळीं नांवाजलेलीं होतीं. पुढें निजामी अमदानींत तेथें उस्मानशाही कापड गिरणी उभी राहिली. तिच्या भोंग्यावर शहराचा दिवस चाले. ती गिरणी आज बंद आहे, परंतु काळ्या मातींतील कापूस अद्याप आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रांत निपजलेलें ‘नांदेड-४४’ हें संकरित वाण एके काळीं मराठवाड्याबाहेरील शेतकऱ्यांच्याही तोंडीं होतें. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें नामदेवांचें गांव. नामदेव जातीनें शिंपी. त्यांचीं एकसष्ट पदें ज्या गुरु ग्रंथसाहिबांत समाविष्ट आहेत, त्या ग्रंथास गुरुपद देण्यांत आलें तें १७०८ सालीं नांदेड येथेंच. त्यांतील एका पदांत गज, कात्री, सुई आणि दोरा हीं शिंप्याचीं साधनें भक्तीचीं साधनें होऊन आलीं आहेत. शिवणें आणि सांगणें हीं दोन कामें एकाच माणसाच्या हातून होऊं शकतात, याचा याहून थोर दाखला शोधावा लागणार नाहीं.

परंतु या प्रदेशांतील सर्वांत सार्वत्रिक वस्त्रकला मलमलीची नव्हे, जरीचीही नव्हे. ती गोधडीची होय. तिला मराठींत वाकळ म्हणतात. कानडी सीमेकडे तिचेंच नांव कौदी आणि तेलंगणाच्या सीमेकडे बोंत. नांवें तीन, वस्तु एक. उन्हाळ्यांत, शेतीचीं कामें सरल्यावर, घरांतील विरलेलीं लुगडीं, धोतरें, सदरे, मुलांचीं आंखूड झालेलीं झबलीं काढलीं जातात. जमिनीवर एक लुगडें ताणून पसरतात. त्यावर तुकड्यांचे थर मांडतात. वर दुसरें लुगडें घालून कडा आंत दुमडतात. मग दोघी-तिघी बायका कांठाकडून धावदोरा घालीत मध्याकडे सरकत जातात. पुष्कळदां धुतलेलें कापड मऊ होतें, म्हणून नव्या कापडाची वाकळ कोणी शिवीत नाहीं. उत्तम वाकळेस जुनेपणाच लागतो.

या जुनेपणांतच तिचें पुस्तकपण आहे. इरकली लुगड्याचा तो काळपट तुकडा आजीच्या लग्नांतला. निळी पट्टी मामानें दिवाळीला आणलेल्या सदऱ्याची. तें फुलाफुलांचें ठिगळ त्या बहिणीच्या झबल्याचें, जी आज नाहीं. वाकळीवर निजलेलें मूल बोट ठेवून विचारतें, “हें कुणाचें?” आणि आजी सांगूं लागते. मूल रोज रात्रीं तोच तुकडा दाखवितें आणि तीच गोष्ट मागतें. आजीनें एखादी गोष्ट चुकविली तर रागावतें. अक्षरओळख नसलेलें हें मूल अशा वेळीं वाचतच असतें. ठराविक खुणेवर बोट ठेवावें आणि तिच्यांतून ठराविक अर्थ बाहेर यावा, ही वाचनाची मूळ क्रिया त्याला पाटी हातीं येण्यापूर्वींच साधलेली असते.

आतां असें मूल शाळेंत येतें तेव्हां काय होतें तें पाहावें. नांदेड जिल्ह्यांत किनवट, माहूर, हदगांव, मुखेड, कंधार या भागांत बंजारा समाजाचे तांडे विखुरलेले आहेत. तांड्यावरील मूल आईला ‘याडी’ म्हणून हांक मारतें. त्याची बोली गोरमाटी. देगलूर, बिलोली, धर्माबादकडील कित्येक घरांत तेलुगु बोलतात. उदगीर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत होते, तेथें कानडीचा वावर आहे. शहरांतील अनेक मोहल्ल्यांत दखनी उर्दू आहे. हीं सर्व मुलें पहिलीच्या वर्गांत एका बाकावर बसतात, आणि पाठ्यपुस्तकांतील प्रमाण मराठीपुढें त्यांतील कित्येक मुकीं होतात. शिक्षक त्या मौनाला मंदपणा समजतो, आणि मूलही हळूहळू तसेंच समजूं लागतें. हानि होते ती येथें. भाषेपायीं आरंभींच मागें पडलेलें मूल पुढें गणितांतही मागें पडतें, आणि एके दिवशीं शाळेंत येईनासें होतें.

या मुलाच्या घरीं मात्र मौन नसतें. बंजारा स्त्रियांचें भरतकाम जगाला ठाऊक आहे. फेटिया, कांचळी, घागरीखालची चुंबळ, पैशांची पिशवी, या साऱ्यांवर आरसे, कवड्या आणि रंगीत दोरे यांचे दाट टाके असतात. आगगाडी येण्यापूर्वीं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हा समाज देशभर व्यापार करीत होता. रेल्वे आणि सडका यांनीं तो व्यापार बुडविला. त्या फिरत्या जीवनांत भिंती नव्हत्या, कपाटें नव्हतीं. जें जपावयाचें तें अंगावरच जपावें लागे. ज्या मुलाची आई असें वस्त्र घडविते, त्याला सांगण्यासारखें कांहींच नाहीं असें मानणें हें अज्ञान शिक्षकाचें होय, मुलाचें नव्हे.

हस्तव्यवसाय शाळेंत आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न आपल्याकडे झाला तो महात्मा गांधींच्या प्रेरणेनें. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना आंखली. सात ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना मातृभाषेंतून मोफत शिक्षण द्यावें, आणि तें एखाद्या उत्पादक उद्योगाभोंवतीं गुंफावें, हा तिचा गाभा. सूतकताई आणि विणकाम हे उद्योग त्यांत अग्रभागीं होते. त्या योजनेचें दैनंदिन वेळापत्रक पाहण्यासारखें आहे : साडेपांच तासांपैकीं ३ तास २० मिनिटें मूलोद्योगास, आणि मातृभाषेस ४० मिनिटें.

उद्योग आणि विषय यांची सांगड घालण्यास त्या काळीं ‘समवाय’ हा शब्द रूढ झाला. कल्पना उदात्त होती. टकळी फिरवितां फिरवितां मुलानें कापसाचा इतिहास, सुताचें गणित आणि हवामानाचें शास्त्र शिकावें, अशी अपेक्षा होती. परंतु समवाय हें कसबी शिक्षकाचें काम. जेथें तसा शिक्षक नव्हता, तेथें सुताचे तार मोजणें तेवढें उरलें. मुलाच्या हातून किती सूत निघालें याची नोंद झाली, पण सूत काढतांना त्याच्या मनांतून काय निघालें याची चौकशी झाली नाहीं. हाताला काम मिळालें तरी जिभेला मिळालें नाहीं. नांदेड व लातूर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होते. तेथें माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूंतून चाले. मातृभाषेंतून शिकण्याची भूक भागविण्यासाठीं १९२१ सालीं हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें हैदराबाद मुक्तिसंग्रामाचें नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे याच शाळेंत शिक्षक होते. मुलाची भाषा ही केवळ सोय नसून त्याच्या स्वत्वाचा प्रश्न आहे, हें या प्रदेशानें फार पूर्वीं ओळखलेलें आहे.

बालशिक्षणाच्या जागतिक इतिहासांतही हाताचें महत्त्व नवें नाहीं. जर्मनींत फ्रेबेल यांनीं १८३७ सालीं लहान मुलांची शाळा काढली, तिलाच पुढें बालोद्यान हें नांव मिळालें. तींत कागदाच्या पट्ट्या विणणें आणि पुठ्ठ्यावर टाके घालणें हे उद्योग होते. डॉ. माँटेसरी यांनीं निरनिराळ्या पोताच्या कापडांच्या जोड्या डोळे मिटून जुळविण्याचें साधन केलें. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनीं गोष्टीला बालशिक्षणांत मानाचें स्थान दिलें, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य सुरू करून शिक्षणाचीं साधनें खेड्यांतूनच उचलावीं असा आग्रह धरला. गोष्ट आणि चिंधी हीं दोन साधनें एकत्र आणण्यास याहून वेगळ्या तत्त्वाची गरज नाहीं.

प्रत्यक्ष वर्गांत हें कसें घडतें? आरंभ चिंधीपासून व्हावा. प्रत्येक मुलानें घरून वितभर जुन्या कापडाचा तुकडा आणावा, आणि तो कोणाच्या वस्त्राचा, हें घरच्या वडील माणसास विचारून यावें. एवढ्या एका कामानें आजीला शाळेंत प्रवेश मिळतो. दुसऱ्या दिवशीं मुलें वर्तुळ करून बसतात आणि तुकडा हातांत धरून त्याची हकीकत सांगतात. ज्याला जी बोली येते तींत. शिक्षक ती ऐकतो, तींतील एकदोन शब्द मराठींत पुन्हां उच्चारतो; दुरुस्ती करीत नाहीं. लाजाळू मुलाला वर्गाकडे पाहून बोलणें जड जातें. हातांतील कापडाकडे पाहून बोलणें सोपें वाटतें. गुंतलेले हात आणि खालीं वळलेली दृष्टि यांचा आडोसा मिळाला कीं जीभ मोकळी होते. ओसरीवर वाकळ शिवतांना बायकांच्या गप्पा रंगतात त्याचेंही रहस्य हेंच.

त्यानंतर गोष्टीचा पट मांडावा. एक मोठें धडपें जमिनीवर पसरावें आणि आधीं काय घडलें, मग काय घडलें, शेवटीं काय झालें, या क्रमानें तुकडे लावावेत. तुकडा इकडचा तिकडे केला कीं गोष्ट बदलते, हें मुलाला डोळ्यांनीं दिसतें. कथानकाचा क्रम ही अमूर्त गोष्ट अशा रीतीनें त्याच्या बोटांखालीं येते. क्रम ठरला कीं धावदोरा. लहानांना बोथट सुई आणि गोणपाटाचा जाड विणीचा तुकडा पुरे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सुती कापडावर साधे टाके घालतां येतात. सुया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. पट पुरा झाल्यावर मुलानें त्यावर बोट फिरवीत ती गोष्ट दुसऱ्या वर्गाला सांगावी, आणि मग ती वहींत लिहावी. लिहिण्याची पायरी शेवटची. कारण जें सांगतां येतें तेंच लिहितां येतें.

गोष्टी केवळ घरच्याच असाव्यात असें नाहीं. श्रीकृष्णाचें बोट कापलें तेव्हां भरजरी वस्त्राचा पदर फाडून चिंधी बांधणारी द्रौपदी आहे. जनीची वाकळ आहे. त्याचप्रमाणें कापडाची स्वतःची गोष्ट आहे. नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या वतीनें उदगीर येथें राष्ट्रध्वजाचें खादीचें कापड विणलें जात आलें आहे, आणि नांदेड येथें त्याचे ध्वज तयार होऊन दूरदूरच्या राज्यांत जात आले आहेत. सरकीपासून बोंड, बोंडापासून पेळू, पेळूपासून सूत, सुतापासून ठाण आणि ठाणापासून ध्वज, हा प्रवास ज्या मुलानें आठ तुकड्यांच्या पटावर मांडला, त्याला शेती, उद्योग, इतिहास आणि भूगोल हे चार विषय निराळे शिकवावे लागत नाहींत. ध्वजाची लांबी आणि रुंदी यांचें ३ : २ हें प्रमाण साधतांना गणित येतें, चक्राचे २४ आरे मांडतांना भूमिति येते. ३० डिसेंबर १९२१ नव्हे, तर पुरतीं शंभर वर्षें लोटल्यावर, ३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहितेंत बदल होऊन यंत्रावर विणलेल्या व पॉलिस्टरच्या कापडालाही मुभा मिळाली. हातमागावर बसणाऱ्यांचें पुढें काय, हा प्रश्नही मोठ्या मुलांना त्याच पटावरून विचारतां येईल.

वस्त्रावर गोष्ट मांडण्याची रीत इतरत्रही आढळते. उत्तर कर्नाटकांतील सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचीं ‘फुलें’ लावल्याखेरीज ती पुरी मानीत नाहींत. बिहारमधील सुजनीवर १९८८ पासून हुंडा, मुलींचें शिक्षण असे विषय टाक्यांनीं चितारले जाऊं लागले. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत, ज्यांचीं माणसें लष्करी राजवटींत नाहींशीं झालीं त्या स्त्रियांनीं, गोणपाटावर चिंध्या शिवून आपलें दुःख जगापुढें मांडलें. जें बोलतां येत नव्हतें तें त्यांनीं शिवून सांगितलें.

लातूरकरांना हें समजण्यास चिलीपर्यंत जाण्याची गरज नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी परिसरांत भूकंप झाला. दगडमातीचीं घरें कोसळलीं आणि दहा हजारांच्या जवळपास माणसें गेलीं. त्या रात्रीनंतर जन्मलेलीं मुलें आतां स्वतः आईबाप झालीं आहेत. पुस्तकांत त्या घटनेच्या वांट्यास फार तर चार ओळी येतात. घरांत मात्र एखाद्या वाकळेंत ढिगाऱ्यांतून निघालेल्या लुगड्याचा तुकडा असूं शकतो, आणि त्याची गोष्ट ठाऊक असलेली आजी आज ऐंशीच्या घरांत असूं शकते. अशा गोष्टी मुलांकडून बळेंच काढून घेऊं नयेत. पण घरीं कोणी सांगूं इच्छीत असेल तर ती ऐकणारें मूल तयार असावें. आजीमागून तुकडा राहील. गोष्ट राहणार नाहीं.

या मार्गावर आक्षेप येतील आणि त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला, वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाहीं, तेथें चिंध्या कोण शिवणार? परंतु भाषेच्या तासांत मूल बोललें नाहीं तर तो तास पुरा झाला असें कसें म्हणावें? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पायाभूत वर्षांत घरच्या भाषेवर आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दप्तराविना दहा दिवसांवर भर दिला आहे. त्या दिवसांना अर्थ देण्यास गांवांतील वाकळ शिवणारी बाई हीच उत्तम गुरु होय. दुसरा आक्षेप असा कीं शिवण हें मुलींचें काम. नामदेव शिंपी होते आणि कबीर विणकर होते, एवढें उत्तर पुरेसें आहे. सुई मुलांच्याही हातीं द्यावी, नाहीं तर जुनें जोखडच नव्या नांवानें मुलींच्या मानेवर बसेल. तिसरा धोका सजावटीचा. पाहुण्यांसाठीं भिंतीवर सुंदर पट लावावयाचा म्हणून शिक्षिका रात्रीं बसून टाके सरळ करूं लागली, कीं काम संपलें. मुलाचा वांकडा टाका त्याच्या बोलण्यांतील अडखळण्यासारखा आहे. तो उसवूं नये. आणि तांड्यावरचें भरतकाम कापून शाळेच्या कामाला वापरूं नये. जें जपलेलें आहे तें पाहावें, त्याविषयीं विचारावें, आणि परत द्यावें.

खरी अडचण निराळीच आहे. बाजारांत यंत्रावर विणलेलीं हलकीं पांघरुणें स्वस्त मिळतात, सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनीं घेतली आहे, आणि त्या कापडाची वाकळ ऊबही देत नाहीं, घामही टिपीत नाहीं. शिवणाऱ्या हातांची पिढी थकली आहे. शहरांतील घरांत तर वाकळ माळ्यावर गेली, किंवा बोहारणीकडे. ती पुन्हां प्रत्येक खाटेवर यावी असा हट्ट धरण्यांत अर्थ नाहीं. परंतु माळ्यावरची ती एक वाकळ खालीं काढून, ऊन दाखवून, मुलाला तिच्यावर बसवून, “हा तुकडा कुणाचा, ओळख पाहूं,” एवढें विचारण्यास शाळेची परवानगी लागत नाहीं, पैसाही लागत नाहीं. ज्या घरांत या प्रश्नाचें उत्तर देणारें माणूस अद्याप आहे, त्या घरानें हें काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकूं नये.